ओल्या शर्टाचं खरं कारण

मला कारंजी आवडतात. हे एवढंसं वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. दारू आवडते असं लिहिलं असतं, तर आमच्या सोसायटीत कुणाला फारसं नवल वाटलं नसतं.

कारण मी सोसायटीचा पाण्याचा माणूस आहे. नळाला पाणी कधी येणार, टँकर कधी बोलवायचा, वरची टाकी कधी भरायची, हे सगळं माझ्याकडं. जिन्यात 'पाणी जपून वापरा' हा कागद मीच लावलाय. कुणी पाइप लावून गाडी धुताना दिसलं की मी गॅलरीत येऊन उभा राहतो. बोलत काही नाही, नुसता उभा राहतो. तेवढ्यानं पाइप बंद होतो. रंगपंचमी कोरडी खेळायची, हा ठरावही माझाच. तेव्हापासून पोरं मला पाठीमागं 'कोरडे काका' म्हणतात. ते माझं आडनाव नाही.

आमच्या शहरात उन्हाळ्यात माणूस भेटला की 'कसं काय'च्या आधी 'पाणी आलं का' विचारतो. अशा गावात माझ्यासारख्यानं कारंज्यावर जीव टाकायचा, म्हणजे माळकऱ्यानं मटणाच्या दुकानासमोर घुटमळण्यासारखं. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. तसाही मी घरात फार बोलत नाही. माझं 'हं' तीन-चार सुरांत असतं आणि बायको त्या सुरांवर संसार चालवते.

माझं पहिलं कारंजं खरं तर कारंजं नव्हतंच. वाळूजला मी ज्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, तिथं मागच्या बाजूला कूलिंग टॉवर आहे. मशीनमध्ये तापलेलं पाणी त्यात वरून खाली पडतं, वर भलामोठा पंखा फिरतो आणि खालच्या हौदात ते पाणी गार होऊन जमतं. मे महिन्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर, वारा बरोबर दिशेचा असला तर टॉवरच्या एका कोपऱ्यावर बारीक तुषार येतात. पंख्याच्या बेअरिंगचा आवाज ऐकायच्या निमित्तानं मी त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचो. डोळे मिटून ऐकायचो. बेअरिंगला काही झालेलं नसायचं. पण एवढं मन लावून बेअरिंग ऐकणारा सुपरवायझर कंपनीला दुसरा मिळाला नसेल.

तिथून चटक लागली. कंपनीची बस सोडून मी स्कूटरनं जायला-यायला लागलो. घरी सांगितलं, बसमध्ये फार उकडतं. खरं हे, की बस कारंज्यापाशी थांबत नाही.

सिडकोकडच्या एका चौकात मधोमध गोल कारंजं आहे. माझा रस्ता तिकडून नाही. तरी मी वळसा घालून जायचो आणि समोर हिरवा दिवा दिसला की स्कूटर हळू करायचो. लाल सिग्नल लागावा म्हणून जीव टांगणीला लागलेला अख्ख्या शहरात मी एकटाच असेन. दिवा लाल झाला की पुढच्या रांगेत, कारंज्याच्या अंगाला, थांबायचं. उन्हाळ्यात आमच्याकडं सगळं गाव तोंडाला रुमाल बांधून फिरतं, नुसते डोळे दिसतात. त्या सिग्नलला मात्र वाऱ्याची एक झुळूक आली, पाण्याचा झोत इकडं झुकला, की कुणीतरी बाई हळूच तोंडावरचा स्टोल सोडते. मग शेजारचा रुमाल खाली ओढतो. बघता बघता रांगच्या रांग तोंडं उघडी करून, डोळे मिटून, वर मान करून उभी. एकमेकांशी ओळख नाही, बोलणं नाही. दिवा हिरवा झाला की मागच्या रिक्षा बोंबलायला लागतात आणि सगळे पुन्हा तोंडं बांधून पळतात.

रविवारी पाणचक्की. डोंगरातून मातीच्या नळांतून आलेलं पाणी तिथं उंच भिंतीवरून हौदात पडतं. कधी धार जाड असते, कधी सुतळीएवढी. हौदात मासे आहेत, वर वडाची सावली आहे. दुपारी दगडावर बसलं तर बूड भाजतं आणि गाल गार पडतात. दोन्ही एकदम. हे सुख मला कुणाला समजावून सांगता आलेलं नाही, आणि समजावून सांगायला मी कुणाला घेऊनही गेलो नव्हतो.

आणि एक बाग. तिथं फरशीतूनच धारा उडतात. आधी सगळ्या बंद असतात, मग अंधार पडायच्या सुमाराला एक उडते, दुसरी उडते, कुठून उडेल सांगता येत नाही. लेकरं त्यातून किंचाळत पळतात. बायका कडेला बसून 'भिजू नको, भिजू नको' म्हणत स्वतः पाय पुढं सरकवतात. मीही कडेलाच बसायचो, वारा जिकडं झुकेल त्या बाजूला. एकदा मात्र बूट हातात घेतले आणि आत गेलो. काही विचार केला नाही. एक धार बरोबर पोटाखालून वर आली, चष्म्यापर्यंत, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी याआधी कधी ऐकलेला नव्हता. त्यानंतर मी रोजच आत जायला लागलो.

आता यात लपवण्यासारखं काय होतं, असं कुणी म्हणेल. त्यासाठी माझ्या आईबद्दल सांगावं लागेल.

आई पाचोडला एकटी राहते. आम्ही तिला माय म्हणतो. तिच्या डोक्यावर मध्यभागी, जिथं हंड्याखालची चुंबळ बसायची, तिथं केस विरळ आहेत. लहानपणी ती चुलीपाशी वाकली की मला ती जागा दिसायची. आमच्या प्यायच्या, आंघोळीच्या, जनावरांच्या पाण्यानं ती जागा पाडली, हे मला फार लवकर कळलं. तेव्हापासून अर्धा पेला पाणी कुणी ओतून दिलं की मला ती जागा दिसते. जिन्यातला तो कागद मी तिच्याच डोक्याकडं बघून लावलाय, म्हणा. आणि तिचाच मुलगा रोज संध्याकाळी उधळल्या पाण्यात आनंदानं ओरडतो! बागेतून घरी येताना मला वाटायचं, आपण मायच्या डोक्यावरून काहीतरी चोरून आणतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो.

यंदा मे महिन्यात माय आमच्याकडं आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. डोळा छान झाला. पट्टी निघाल्यावर तिनं आधी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "लई पिकलास की रं." मग बायकोकडं बघून म्हणाली, "तू तशीच हायस." तेव्हापासून सासू-सुनेचं मेतकूट जमलं. तरी बाजारच्या दिवशी पाचोडला परत जायचं, हे तिनं आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं. तिची शेळी शेजारणीकडं होती.

तिनं राहावं असं मला फार वाटत होतं. एकटी पडली-झडली तर काय, हे तर होतंच. पण सकाळी उठल्यावर घरात तिचा आवाज असावा, एवढीच खरी हौस. बोललो मात्र नाही. 'गाडीला सोडायला येईन,' म्हणालो.

जायच्या दोन दिवस आधी ती दोरीवरचे कपडे काढत होती. मी नुकताच आलो होतो आणि माझा शर्ट तिथंच टाकला होता. तिनं तो उचलला, पिळला. धार लागली.

"हा काय घाम म्हणायचा का काय?" ती म्हणाली.

"हं," मी म्हणालो.

"आत्या, रोजचंय हे," बायको आतून म्हणाली. "मी कधीची सांगतेय, शुगर बघून घ्या. अहो, एवढा घाम कुणाला येतो का?"

माय शर्ट नाकाशी नेऊन उभी राहिली. माझा मामा गेला त्याच्या आधी त्याला असाच दरदरून घाम सुटला होता. हे आम्हा तिघांनाही आठवलं.

"तुला काय होतंय ते सांग," माय म्हणाली.

"काही नाही."

"काय नाय तर सदरा पिळून बादली का भरती? म्या नाय जायची बाजारच्या दिशी. तुझं काय हाय ते कळंस्तवर मी हितनं हलत नाय."

खरं सांगतो, हे ऐकून मला बरं वाटलं. ती राहणार होती! तिथंच 'माय, मी कारंज्यात भिजतो' म्हणालो असतो तर ती लगेच पिशवी भरून मोकळी झाली असती. म्हणून मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचं कुणाला नवल नव्हतंच.

बाजारचा दिवस गेला. माय राहिली. जेवताना माझ्या ताटाकडं बघायची, येता-जाता कपाळाला हात लावून बघायची. मी तेवढ्यापुरता बागेत जायचा थांबलो, तर शर्ट कोरडा बघून तिला अजूनच घोर. "घाम येकदम बंद झाला, हे बी वंगाळच," ती सुनेला सांगत होती. मग एका सकाळी बायकोनं तिच्यापुढं चहाचा कप ठेवला, तर तिनं तो बाजूला सरकवला.

"म्या चहा सोडला," ती म्हणाली. "खंडोबाला बोलले. ह्याचं दुखणं जाऊ दे, मंग घीन."

माझी आई एक वेळ जेवण सोडेल. चहाशिवाय तिचं डोकं धरतं. दुपारपर्यंत ती डोक्याला फडकं घट्ट बांधून गॅलरीत गवार मोडत बसली होती. मी कामावर गेलोच नव्हतो. तिच्यासमोर जाऊन बसलो. एक शेंग मोडायला घेतली.

"माय, मला काही झालेलं नाही. मी कारंज्याखाली उभा राहतो."

तिचे हात थांबले. "करंजाखाली?"

"हं."

"कुठल्या करंजाखाली? त्या झाडाखाली उभं ऱ्हाऊन माणूस भिजतोय व्हय? आरं, काय बाधा-बिधा तर नाय ना झाली?"

"झाड नाही गं. करंज नाही, कारंजं. फवारा. फवारा असतो ना..."

"फवारा!" तिनं गवारीचं ताटच खाली ठेवलं. "कापसावर मारत्यात त्यो? आरं, इख आसतंय त्ये! त्ये अंगावर घीतोस?"

आत बायकोला हसू आवरेना. ती बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. "आत्या, बागेत पाणी उडवतात ना, लेकरांना खेळायला. त्यात भिजून येतात हे. कोरडे काका!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मला सांगायचं तरी. मी काय काय समजून बसले होते."

"काय समजलीस?"

"जाऊ द्या आता."

माय माझ्याकडं बघत होती. नवीन डोळ्यानं तिला माझं सगळंच स्पष्ट दिसत असणार. मी मान खाली घातली. आता ती म्हणेल, मी डोक्यावरून पाणी आणलं आणि तू ते उडवतोस. मी त्या वाक्याची कितीतरी वर्षं वाट बघत होतो.

ती म्हणाली, "मला दाव."

संध्याकाळी मी तिला स्कूटरवर घेऊन निघालो. बायको आली नाही. त्या दिवशी आमच्या भागात पाणी यायचं होतं, कुणीतरी मोटर लावायला घरी हवं होतं.

बागेत गर्दी होती. कारंजं अजून सुरू झालं नव्हतं. फरशी कोरडी ठक्क, तापलेली. कडेच्या कठड्यावर बायका बसल्या होत्या, त्यांनी सरकून मायला जागा दिली. एका बुरख्यातल्या बाईच्या आणि एका डबा उघडून बसलेल्या आजीच्या मध्ये ती बसली. तिनं कोरड्या फरशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हितं? हितं तर टिपूस नाय."

"थांब थोडं."

इतक्यात फरशीखालच्या पाइपातून हवा निघायला लागली. आधी फुस्स, मग सूं-सूं, मग गुरगुर. आमच्या शहरात हा आवाज झोपेतही ओळखतात. नळ उघडे ठेवून माणसं वाट बघत असतात, आणि पाण्याच्या आधी नळातून अशीच हवा येते. माय आमच्याकडं महिनाभर राहिली होती; तिचाही कान तयार झाला होता. ती ताडकन उभी राहिली आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"पाणी आलं! उठा गं, पाणी आलं!"

आणि कठड्यावरच्या सगळ्या बायका उठल्या. डबेवाल्या आजीनं तर डब्याचं झाकणसुद्धा लावलं. पलीकडच्या एकीनं फोन कानाला लावून "मोटर लाव, मोटर लाव!" असं सुरूही केलं. दुसऱ्याला कशाला हसू? मी स्वतः खिशातला फोन काढून बायकोचा नंबर लावत होतो.

तेवढ्यात मधली धार उडाली. उंच, पांढरी, सरळ आभाळात.

क्षणभर सगळे तसेच उभे. मग बुरख्यातली बाई खदखदा हसत म्हणाली, "नल नै अम्मा, फव्वारा है ये! बैठो, बैठो!" आणि मग जी हशाची लाट उठली, ती एका कडेनं दुसऱ्या कडेला गेली. फोनवाली हसता हसता ओरडत होती, "बंद कर, बंद कर, चुकून म्हणले!" माय पदर तोंडाला लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका म्हणून बजावलं होतं. ते असल्या पाण्याबद्दल नसावं. मी खिशातला रुमाल तिच्या डोळ्यावर धरला आणि स्वतःच इतका हसलो की कठडा धरावा लागला.

मग ती पुढं गेली. लुगडं घोट्याच्या वर घेऊन, डोळा वाचवायला मान पाठीमागं टाकून, एका बुटक्या धारेवर तिनं पाय ठेवला. धार बोटांमधून चारी बाजूंनी फुटली. "आगं माय गं!" ती म्हणाली आणि दुसरा पाय ठेवला.

"ह्ये पाणी जातंय कुठं मंग?" तिनं विचारलं.

"खाली टाकी आहे. पंप तेच पाणी परत वर फेकतो."

"त्येच? मंग सांडतंय कुठं?"

"सांडत नाही. थोडं वाऱ्यावर जातं तेवढंच."

"आन् तुला ह्ये ठावं व्हतं?"

होतं. कंपनीत रोज तेच करतो मी. पाण्याचा हिशेब मला कुणी शिकवायला नको. म्हणजे पाणी वाया जातं म्हणून मी चोरासारखा वागत नव्हतो. माझं दुखणं वेगळंच होतं, आणि ते तिथं, धारांच्या आवाजात, मी तिला एकदाचं सांगितलं. तिच्या डोक्यावरच्या त्या जागेचं. आपण मजा करायची आणि तिनं ओझं वाहायचं, हे मला कसं सोसत नाही, ते.

तिनं पदर थोडा मागं सरकवला आणि ती जागा बोटानं चाचपली. "ह्ये? ह्याचं काय घेऊन बसलास? मान दुखायची, ती दुखायचीच. नाय कसं म्हणू. पर आडावर जायाला मी सकाळची वाट बघायची. तुझ्या आजीच्या हाताखालनं सुटायला तेवढीच जागा. आम्ही बाया येकमेकींच्या अंगावर घागरी रिकाम्या करायचो उन्हाळ्यात, आन् वल्या लुगड्यानं घरी यायचो. सासू विचारायची, भिजलीस कशी? मी म्हणायची, हंडा हिंदळला."

असं म्हणून ती पुन्हा हसायला लागली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट तिनं सांगितली नव्हती आणि मी विचारली नव्हती.

थोड्या वेळानं आम्ही कठड्यावर येऊन बसलो. पलीकडं चहाची गाडी होती. मी न विचारता चहा आणला, तिनं न बोलता घेतला. खंडोबाशी तिचं काय ते ती बघून घेणार होती. कप संपल्यावर ती म्हणाली, "बरं झालं. दुखणं नाय, खुपणं नाय. आता उद्याच्या गाडीनं जाते मी."

"माय, अजून एक सांगायचंय."

"आता काय? मकबऱ्यावर चढून नाचतोस का?"

"तू जात नाहीस म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हणून मी खरं सांगितलं नाही. तू काळजी करतेस ते दिसत होतं. तरी गप्प बसलो."

तिनं रिकामा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता मात्र चुकलो.

"म्हंजी म्या ऱ्हावं म्हणून मला घोर लावलास."

"हं."

"हं नको करू. तोंडानं बोल."

"हो."

"आन् 'माय, ऱ्हा' म्हणायला तोंड दुखत व्हतं का?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणलेच असते की! येकदा म्हणले असते, दोनदा म्हणले असते. तिसऱ्यांदा ऱ्हायले असते. पाव्हण्याला बी जेवायला तीनदा म्हणावं लागतंय, येवढं ठावं नाय तुला? तू येकदा बी म्हणला नाहीस. उलट गाडीला सोडायला येतो म्हणलास. मला वाटलं, ह्याला नगं झालं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माय, राहा," मी म्हणालो.

"नाय बाबा. शेळीचं कोण बघंल?"

"शेळीचं बघू काहीतरी. राहा गं."

"नाय नाय. सूनबाईला तरास."

तिसऱ्यांदा म्हणायला मी तोंड उघडलं आणि सगळ्या धारा एकदम उडाल्या. लेकरांनी एकच गिल्ला केला. मला माझाच आवाज ऐकू येईना. मग मी उभा राहिलो आणि जन्मात ओरडलो नसेन एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "माय, राहा!"

कठड्यावरच्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं. "रह जाओ ना अम्मा," बुरख्यातली बाई म्हणाली, "इत्ता बोल रहा बेटा!" डबेवाली आजी म्हणाली, "ऱ्हावा की हो. नशीब लागतं."

मायनं पदर सारखा केला. चारचौघींत मान मिळालेल्या बाईसारखी ती ताठ बसली.

"बगा बया," ती त्यांना म्हणाली, "आता येवढं म्हणतोय तर नाय कसं म्हणू?" आणि मग मला, हळूच, "दिवाळीपस्तोर. पुढचं पुढं. आन् शेळीला आणायला तूच जायचं, टेम्पो करून."

"शेळी? फ्लॅटमध्ये?"

"मंग काय, तिला बी तीनदा म्हणावं लागतंय का?"